कुलुपात बर्फ

थेल्मानं मूठ फिरवली आणि दाराला खांदा मारला. नोव्हेंबरात चौकटीला बर्फ धरतो, खांदा मारल्याशिवाय दार सुटत नाही. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती असाच खांदा मारत आली होती. हातात सामान असो, कडेवर मूल असो, खांदा आपला आपण जायचा.

दार उघडलं नाही.

तिनं पुन्हा मारला. आतल्या फळीवरच्या बरण्या वाजल्या. मग नाकासमोर काहीतरी चमकलं. कडी, कोयंडा, आणि त्यात अडकवलेलं पितळी कुलूप. नवं कोरं. तिनंच लावलेलं.

मागं रस्त्यावर पांढरं अस्वल मासे खात होतं.

*

मासे कुठले, ते सांगायला हवं.

म्हाताऱ्या हॉरेसला दुपारी पुरलं आणि सगळं गाव सभागृहात जेवायला बसलं. उरलेले तळलेले मासे ऑड्रीनं पत्र्याच्या ट्रेमध्ये भरून थेल्माच्या हातात दिले. ऑड्री म्हणजे समोरच्या घरातली, थेल्माची जन्माची मैत्रीण. देता देता मोठ्यानं म्हणाली, "घे. पण कुठं ठेवशील गं? घरात आता बँक उघडलीस म्हणे."

टेबलाभोवतीचे सगळे हसले.

"बँकेत मासे घेतात का?" कुणीतरी म्हणालं.

"व्याजासकट परत देतात. वास हेच व्याज."

थेल्मा हसली नाही. रॅल्फही हसला नाही. रॅल्फ अस्वलांच्या गस्तीवर असतो. खाडी गोठेपर्यंत त्याचं हसू असंही कमीच.

"चेष्टा राहू दे, थेल्मा," तो म्हणाला. "खाडीवर बर्फ अजून धरला नाही, शिकारीला जाता येत नाही. सगळी अस्वलं किनाऱ्यावर उपाशी बसलीत. उद्या कुणी पळत तुझ्या दाराशी आलं तर?"

"माझ्या दाराशी जो आला तो रिकाम्या हातानं गेला नाही, रॅल्फ."

सगळ्यांच्या नजरा ताटात गेल्या. कारण ते खरं होतं. तिच्या नवऱ्याची, अँगसची, पेट्रोलवर चालणारी करवत दारामागच्या खोलीतून कुणीतरी उचलून नेली होती. अँगस जाऊन वर्ष व्हायच्या आत. मुठीला त्यानं स्वतः निळी पट्टी गुंडाळली होती, ती करवत. गाव एवढंसं, आगगाडीशिवाय बाहेर जायला वाट नाही. म्हणजे नेली ती यांच्यातल्याच कुणीतरी, कदाचित याच टेबलावर बसून मासे खाणाऱ्यानं.

"चल, गाडीतून सोडतो," रॅल्फ म्हणाला.

"मला पाय आहेत."

आणि ती निघाली. संध्याकाळ व्हायच्या बेतात, वाऱ्यावर, हातात तळलेले मासे घेऊन. शाळेतलं पोरही असं करणार नाही. रागात माणूस पायांनी चालतं, डोक्यानं नाही.

*

तेलाच्या टाकीमागून ते आलं. घाई नाही. घाई असती तर बरं, असं तिला वाटलं. मान खाली, नाक पुढं, जणू ओळखीच्याकडे निघालंय.

पळायचं नाही. हे इथं बोलायला यायच्या आधी शिकवतात. ती मागं मागं सरकू लागली. बोलत राहायचं असतं, म्हणून बोलू लागली. "जा बाबा. जा तुझ्या वाटेनं. माझ्यात काही नाही, नुसती हाडं." आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. मग तिनं ट्रे रस्त्यावर ठेवला. पत्रा बर्फावर खणकला. अस्वलानं मान वर केली, आणि तिला त्याचे डोळे दिसले. त्यांत राग नव्हता.

ते माशांवर वाकलं.

ती पळाली.

*

दार. पुन्हा तेच.

किल्ली गळ्यात होती, दोऱ्यात ओवलेली, कोटाच्या आत, स्वेटरच्या आत. तिनं दातांनी हातमोजा ओढला. कोटाची चेन ओढली, अर्धी आली, अडकली. मागं पत्रा घासल्याचा आवाज. चाटतंय. चाटतंय तोवर आहे वेळ. दोरा तोडला. किल्ली बोटांना चिकटली, इतकी गार. तिनं ती कुलुपात घातली.

किल्ली गेली नाही.

टोक गेलं, पुढं नाही. आत काहीतरी घट्ट होतं. तिनं फुंकर घातली, आणि लगेच कळलं की हे चुकलं. श्वासाची वाफ आत जाऊन तिचाही बर्फ झाला असणार. बाहेरच्या कुलुपात बर्फ धरतो, हे तिला ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. दुकानदारानं हे कुलूप मागच्या फळीवरून धूळ झटकून काढून दिलं होतं आणि विचारलं होतं, "बोटीला?" तेव्हा ती म्हणाली होती, हो, बोटीला.

इथं दारं उघडी असतात. घरांची, गाड्यांची, चर्चची, मासे सुकवायच्या झोपडीचीसुद्धा. असा कायदा कुठं लिहिलेला नाही. पळणाऱ्याला हाताशी पहिली जी मूठ लागेल ती फिरली पाहिजे, एवढंच. कुणाचं घर, भांडण आहे की बोलणं आहे, ते नंतर. आत शिरल्यावर चहा.

पत्र्याचा आवाज थांबला.

*

तिनं वळून पाहिलं नाही.

गल्लीपलीकडे ऑड्रीचं अंगण. अंगणात तिच्या मुलाची, डेल्टनची, मोडकी निळी गाडी. थेल्माच्या घरापासून तिथवर मोकळी जागा, आडोसा नाही, नुसता साफ केलेला बर्फ. ही जागा ती रोज ओलांडायची, साखर मागायला, गप्पा मारायला. आज तिला ती दिसेना झाली. दिसत होती फक्त गाडीच्या मागच्या दाराची मूठ.

आणि डोक्यात एकच. ऑड्रीनंही कुलूप लावलं असेल तर? मी लावलं. माझं पाहून तिनं. तिचं पाहून डेल्टननं. गेल्या आठवड्यात पोस्टात थेल्मा स्वतःच म्हणाली होती, तुम्हीही लावा, पस्तावाल. कितीजणांनी ऐकलं? कुणी ऐकलं? देवा, कुणी ऐकलं नसू दे माझं. कुणी म्हणजे कुणी

मूठ

फिरली.

ती आत पडली. दार ओढलं. आणि पुढच्याच क्षणी गाडी बाजूनं हलली, बोट लाटेवर हलते तशी.

*

काचेबाहेर सगळं पांढरं होतं. मग त्या पांढऱ्यात काळं नाक. नाकपुडीतून वाफ काचेवर पसरली, आटली, पसरली. काच एवढी पातळ असते हे तिला आजवर कधी जाणवलं नव्हतं. ती सीटवर आडवी, गुडघे पोटाशी. गाडीत सिगारेटचा आणि तेलाचा वास. पाठीखाली, सीटवरच्या घोंगडीत, काहीतरी टोचत होतं.

पंजा काचेवर आला. ठोकला नाही. नुसता ठेवला, जोर किती लागेल ते बघावं तसा.

ती पुढच्या सीटवरून ओणवी झाली आणि भोंगा दाबला. दाबून धरला. ऑड्री अजून सभागृहातच होती; तिच्या घराचं दार उघडलं आणि डेल्टन बाहेर आला. पायांत नुसते मोजे, हातात पाव.

"कोण रे तो? बॅटरी संपवतोस काय माझी!"

"आत जा!" थेल्मा ओरडली. काचा बंद. त्याला काय ऐकू जाणार. तो गाडीच्या नाकापर्यंत आला आणि मग अस्वल पलीकडून उभं राहिलं.

डेल्टनचा पाव खाली पडला. अस्वल गाडीच्या मागून वळसा घालून आलं, त्याच्या आणि त्याच्या घराच्या मधोमध. थेल्मानं पुढचं दार आतून ढकललं. "डेल्टन! इकडं!" तो तोंडावर पडल्यासारखा आत आला आणि दार लागलं, आणि त्या दाराला बाहेरून असा धक्का बसला की दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

*

"मावशी," डेल्टन म्हणाला. दात वाजत होते. "तुम्ही माझ्या गाडीत काय करताय?"

"पत्ते खेळतेय. गाढवा, गस्तीला फोन लाव!"

त्यानं खिसे चाचपले. "घरात राहिला."

तिनं पुन्हा भोंगा धरला. धरूनच ठेवला. अस्वल टपावर पुढचे पाय टेकून उभं राहिलं. वरचा पत्रा आत दबला. तिनं सीट पकडायला म्हणून हात मागं नेला, घोंगडीखाली. मघापासून टोचत होतं ते हाताला लागलं. एक मूठ. मुठीवर गुंडाळलेली पट्टी, एका जागी थोडी सुटलेली. ती कुठं सुटलीय हे तिच्या बोटांना बघावं लागलं नाही.

तिनं घोंगडी ओढली. निळी पट्टी.

भोंग्यावरचा हात आपोआप सुटला. आत एकदम शांत झालं. बाहेर टपावर नखं ओरखडत होती.

"डेल्टन."

"मावशी, आत्ता नको."

"ही काय आहे?"

"आत्ता नको ना! भोंगा वाजवा!"

"तू वाजव."

त्यानं वाजवला. वाजवता वाजवता ओरडूनच बोलावं लागत होतं. "आईच्या चुलीला लाकडं नव्हती! तुमच्याकडं ती नुसती पडून होती!"

"मागितली असतीस तर दिली नसती मी?"

"दिली असती!"

"मग?"

"मागायची लाज वाटली! अँगसकाकांची होती ना!"

"आणि चोरायची नाही वाटली?"

त्यानं भोंगा आणखी जोरात दाबला. पुढची काच तडकली, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश. भोंगा सोडून तो मागं घसरला आणि दोघं मागच्या सीटवर एकमेकांना चिकटले. त्याच्या मोज्यांतून पाणी ठिबकत होतं. तिच्या कुशीत तिचा चोर होता आणि ती त्याचं डोकं खाली दाबत होती.

"पण तुम्ही तुमच्या घरात का नाही गेलात?" त्यानं विचारलं, तिच्या बाहीत तोंड खुपसून. "ते तर जवळ होतं."

"कुलूप होतं."

"कसलं?"

"दाराला. मी लावलेलं."

त्यानं डोकं वर केलं. बाहेर काय आहे ते क्षणभर विसरला. "म्हणजे ते खरंच? मला वाटलं, आई उगाच बोलते. मावशी, कुलूप? या दिवसांत? आणि बाहेरून पोरं येत असती तर? आई येत असती तर?"

"तुझ्यामुळं लावलं, मेल्या!"

"मी करवत नेली! दार नाही नेलं!"

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण हात उठेना. कारण या गाडीचं दार उघडं होतं. हिच्यात चोरीची वस्तू होती आणि तरी दार उघडं होतं. लपवायचं म्हणूनसुद्धा त्याला कुलूप सुचलं नव्हतं.

*

अस्वलाला पळवायची फटाक्याची काडतुसं उडाली. एक, मग लगोलग आणखी. भोंगा ऐकून आलेल्या रॅल्फच्या गाडीचे दिवे गल्लीभर. अस्वल टपावरून उतरलं, कंटाळल्यासारखं, आणि किनाऱ्याकडे गेलं. जाताना ट्रे पुन्हा एकदा चाटला.

रॅल्फनं बंदूक खाली न ठेवता गाडीत डोकावलं. "सगळे आहेत?"

"आहोत," थेल्मा म्हणाली.

त्याची नजर करवतीवर गेली. गावात ती पट्टी सगळ्यांच्या ओळखीची.

"डेल्टन आणून देत होता," ती म्हणाली. "मीच दिली होती. विसरले."

रॅल्फनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या दाराकडे. "असेल," म्हणाला. "या दिवसांत विसरायला होतं."

*

कुलूप डेल्टननं काढलं. आईचे बूट घालून, ऑड्रीच्या स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हर घेऊन. कुलुपाला हातही लावला नाही. कोयंड्याचे स्क्रू फिरवले, आणि अख्खं लटांबर हातात आलं.

"एवढंच होतं ते?" थेल्मानं विचारलं.

"एवढंच. ज्याला न्यायचं त्यानं नेलंच असतं." त्यानं स्क्रू खिशात टाकले. मग करवत दारामागं ठेवली, जिथं असायची तिथं. भिंतीला टेकवून नीट उभी केली. "मावशी, लाकडं संपली की..."

"संपली की ये. तोंडानं माग."

"बरं."

"आणि मोजे बदल."

तो गल्ली ओलांडून गेला. ती उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. दार उघडं, घरातली ऊब सगळी बाहेर. तेलाच्या टाकीमागं काही हललं का? नाही. हललं? तो ऑड्रीच्या दाराशी पोचला, मूठ फिरवली, आत गेला. मगच तिनं श्वास सोडला आणि दार लोटलं.

दाराच्या फळीत स्क्रूंची भोकं राहिली होती. त्यांतून वारा येत होता, बारीक, सुईसारखा. तिनं अँगसच्या जुन्या मोज्याची लोकर त्यांत कोंबली.

रेडिओ लावला. गस्तीची सूचना चालू होती: शाळेच्या मागं आणखी एक दिसलंय, मादी, सोबत पिल्लू. कुणीही पायी बाहेर पडू नये. जे बाहेर असतील त्यांनी जवळच्या घरात जावं.

थेल्माला उठायचं नव्हतं. दाराकडे पाहिलं की त्या लाकडापलीकडे पांढरं काहीतरी नाक लावून उभं आहे असं वाटत होतं, आणि त्या नाकानं हे दार नुसतं ढकललं की ते उघडणार होतं. तरी ती उठली. खिडकीपाशी गेली आणि पायरीवरचा दिवा लावला, मूठ लांबून दिसावी म्हणून. मग किटली चुलीवर ठेवली, खुर्ची दारासमोर ओढली आणि तिकडं तोंड करून बसली.