डेव्हनीचा झेल

पहाटे आमची गाय अडली, तेव्हा गुरांचा डॉक्टर कोलम डेव्हनी धावत आला आणि खांद्यापर्यंत हात घालून त्यानं वासरू जिवंत ओढून काढलं. तरी माझ्या थोरल्या भावानं, मॅलकीनं, त्याला साधा चहा विचारला नाही. दुपारी गेलिक फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातानंही झेलता येतो त्या आमच्या आयरिश खेळाची, फायनल होती पलीकडच्या गावाशी, आणि डेव्हनी त्याच गावाचा. आमच्याकडे माणूस जन्मला त्या गावाकडूनच खेळतो; पगार नाही की बदली नाही.

"वासरू वेगळं, मॅच वेगळी," मॅलकी म्हणाला. मेला हट्टी!

मैदानाच्या कडेला उभा राहून तो घसा फोडून ओरडत होता, "अरे, त्या ढोरांच्या डॉक्टरला कुणीतरी आवरा!" शेवटच्या मिनिटाला दोन्ही गावं बरोबरीत होती. आमच्या गोलकीपरनं चेंडू उंच मारला. झेलायला आमचे तिघे उडाले. त्यांच्या डोक्यांवरून डेव्हनी वर गेला, वर जातच राहिला, आणि पहाटेच्या त्याच दोन हातांनी त्यानं चेंडू आभाळातून काढून घेतला. खाली उतरताच त्यानं लाथेनं चेंडू गोलाच्या आडव्या दांडीवरून पार केला. पांढरं निशाण हललं, एक गुण. आम्ही हरलो.

मला वाटलं, आता मॅलकी शिव्यांची लाखोली वाहणार. बघते तर त्यानं टोपी काढून छातीशी धरलेली.

"त्याची आजी आपल्या गावची होती," तो हळूच म्हणाला.