चार विती

तिने अंगठा जमिनीला टेकवला, करंगळी ताणली आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. अशा चार विती मोजून ती उठली.

"इथे येऊ दे बेसिनचा काठ."

मिस्त्रींनी टेप लावला. "एकोणतीस इंच. ताई, लोक बत्तीसवर बसवतात."

"बाबांनी चार विती लिहिलंय. म्हणजे चारच."

बाथरूमच्या दारामागे बाबांचं ठसठशीत अक्षर होतं : 'काठ, चार विती.' पाडायला काढलेल्या एका जुन्या इमारतीतून त्यांनी ते दगडी बेसिन आणलं होतं. काळा दगड, काठाला कोरलेली द्राक्षाची वेल, एका पानाचा टवका उडालेला. बसवायचं राहिलं आणि बाबाच गेले. बाकीचं सगळं मग तिनेच ठरवलं. साध्या पांढऱ्या फरशा, पितळी नळ. वेलीसमोर कुणी मिरवायचं नाही.

मिस्त्री आणि त्यांच्या भावाने दगड चढवला, सिमेंट भरलं. सगळं घट्ट बसल्यावर दुसऱ्या दिवशी हत्यारं आवरता आवरता मिस्त्री म्हणाले,

"पण ताई, वीत कुणाची धरली? साहेबांचा पंजा म्हणजे फावडं होतं!"

तिच्या हातातलं फडकं थांबलं. बाबांची वीत तिच्यापेक्षा चांगली इंचभर मोठी. त्यांचं एवढं एकच काम उरलं होतं, आणि तिने ते चार इंच खाली आणून ठेवलं होतं.

"आता काढायचं तर भिंत फुटेल," मिस्त्री हळूच म्हणाले.

"कोण काढतंय?" आई दारात उभी होती. "सरका जरा."

आईने नळ सोडला, हात धुतले. जुन्या बेसिनपाशी आई टाचा उंचावायची, पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, आणि ओल्या बाह्यांवरून रोज सकाळी बाबांचा उद्धार व्हायचा. आज बाह्या कोरड्या होत्या.

"बरोबर झालंय," आई म्हणाली.

"आई, त्या विती कुणाच्या?"

आईने ओला हात वेलीवर पसरला. "माझ्या. दोनदा मोजायला लावलं ह्यांनी. म्हटलं, तुम्हाला ठेंगणं पडेल. तर म्हणे, मी वाकेन."

मुलीने आपला हात शेजारी ठेवला. करंगळ्या एकाच पानावर टेकल्या.

मिस्त्रींनी खोकून आरसा उचलला. "हा कुठे घेऊ?"

तिने कानावरची पेन्सिल काढली.

"आई, सरळ उभी राहा बघू. टाचा टेकव."