आईकडून आलेलं

प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला कुत्र्यांसाठी एक लांबट, भरपूर उजेडाची इमारत होती. तिथल्या पशुवैद्य बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. घरी मात्र ती ताई होती, आणि घरात जो आजार होता त्याच्यासाठीच ती या नोकरीत शिरली होती.

इथली सगळी कुत्री एकाच कुळातली. त्या कुळात मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. मादी तो अंगात वागवते, पण ती स्वतः बहुतेक ठणठणीत असते. तिच्या नर पिल्लांपैकी काहींना तो होतो. माणसांतही असंच होतं, म्हणून कुत्र्यांवर औषधं तपासून बघायची. नवीन पिल्लं झाली की ताई प्रत्येकाचं थेंबभर रक्त घ्यायची, पण निकाल यायच्या आधीच तिला बहुतेक वेळा कळलेलं असायचं. आजारी पिल्लाची जीभ जाडसर असायची आणि आईला लुचताना ते लवकर दमायचं.

तिच्या धाकट्या भावाला घरात राजे म्हणत, कारण तो चाकांच्या खुर्चीत बसून दिवसभर हुकूम सोडायचा. वय तिशीच्या अलीकडचं. हातात आता माऊस हलवण्याइतकीच ताकद उरली होती, आणि तेवढ्यावर तो घरी बसून एका वाहतूक कंपनीच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बसवायचा. "बसमध्ये कधी चढलो नाही, पण माझ्याशिवाय एक बस हलत नाही," असं तो पाहुण्यांना सांगे.

त्याचं सगळं आई करायची. उचलणं, अंघोळ, जेवण, रात्रीतून कूस बदलून देणं. माणूस ठेवू या म्हटलं की तिचं एकच उत्तर असे, "माझ्याकडून आलंय ते, मीच करणार." राजे लहान असताना आत्याने भरल्या घरात विचारलं होतं, "हा आजार आईकडूनच येतो ना हो?" तेव्हापासून ते आईच्या मनात घट्ट बसलं होतं. लग्नाआधी ताईने स्वतःची तपासणी करून घेतली, तीत काही निघालं नाही. आईला आनंद झाला, पण स्वतःची तपासणी करायला ती तयार होईना. "माहीत असलेलं काय तपासायचं?"

त्या वर्षी आईला धाप लागायला लागली. जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि कोणी बघितलं तर भिंतीवरचा डाग पुसल्यासारखं करायची. आजार वाहणाऱ्या माद्यांचं हृदय पुढे कमकुवत होऊ शकतं, हे ताई कामावर बघत होती.

"आई, तुझं रक्त आणि हृदय एकदा तपासू या," ती म्हणाली.

"वय झालंय माझं. त्याला काय तपासणी?"

राजे वेळापत्रकातून मान न काढता म्हणाला, "ताई, तुझी कुत्री मला बघायची आहेत. कधीपासून म्हणतोय. आईच आणेल मला, दुसऱ्या कोणाला ती हात लावू देणार आहे थोडीच."

मग एका सकाळी ती दोघं आली. ताईने आधी त्यांना मावशीकडे नेलं. मावशी ही तिथली वयस्कर मादी. दुसरीची पिल्लंही ती विनातक्रार पाजायची, म्हणून सफाईवाल्यांनी तिला ते नाव दिलं होतं. ती कुशीवर पडली होती, पोटाशी पिल्लं होती. एक पिल्लू बाकीच्यांच्या मागे राहत होतं. मावशीने मान वळवून त्याला चाटलं आणि नाकाने पुढे ढकललं.

आई खाली बसली. बराच वेळ बघत राहिली.

"हिला कळतं का, आपल्यापासून गेलंय म्हणून?"

"नाही कळत. हे पिल्लू लवकर दमतं, एवढं कळत असेल."

"आणि तुम्ही यांना मुद्दाम जन्माला घालता?"

"हो," ताई म्हणाली. तिने शब्द मऊ केले नाहीत.

"झोप लागते तुला?"

"कधी लागते, कधी नाही लागत."

आईने मान हलवली. हे उत्तर तिला पटलेलं दिसलं.

पलीकडच्या मोकळ्या खोलीत ससोबा होता. आजारी कुत्री धावताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलतात, सशासारखे. त्यावरून हे नाव. पिल्लू असताना त्याला एक नवीन औषध शिरेतून दिलं होतं. त्याच्या वयाची, औषध न मिळालेली कुत्री आता फारशी चालत नव्हती, ससोबा मात्र उड्या मारत राजेच्या खुर्चीपाशी आला आणि त्याच्या लुळ्या हातावर लाळेने भरलेलं तोंड टेकून उभा राहिला.

"बरा झालाय का हा?" राजेने विचारलं.

"नाही. झिजणं हळू झालंय. पुढे काय होईल ते बघतोय."

"मला मिळेल हे?"

ताईने भावाकडे बघितलं. "मिळेपर्यंत तुझ्यासाठी उशीर झालेला असेल, असं वाटतं. लहान मुलांना मिळेल कदाचित."

"बरं," राजे म्हणाला. "मग याला जरा खाजव माझ्या वतीने. माझा हात त्याच्या कानापर्यंत पोचत नाहीये."

बाहेर पडण्यापूर्वी ताई मावशीच्या छातीवर सोनोग्राफीचं यंत्र फिरवायला थांबली. मावशी शहाण्यासारखी आडवी पडली होती.

"दुखतं का हे?" आईने विचारलं.

"अजिबात नाही."

"मग कर माझंही. माणसांच्या दवाखान्यात म्हणतेय मी."

निकाल घेऊन ताई घरी आली तेव्हा आई इस्त्री करत होती. हृदय व्यवस्थित होतं. रक्त मात्र फार कमी झालं होतं, धाप त्याचीच होती, आणि ते गोळ्यांनी भरून येणार होतं.

"आणि दुसरी गोष्ट," ताई म्हणाली. "राजेच्या जनुकात जो बिघाड आहे, तो तुझ्या रक्तात नाही. तो तुझ्याकडून आलेला नाही, आई."

आईने शर्टाची कॉलर उलटली. "चुकलं असेल. परत करायला सांग."

"दोनदा केलंय. असं होतं कधी कधी. आईच्या रक्तात काही नसतं, बिघाड नव्यानेच होतो. कोणाच्या करण्याने नाही."

"मग कुठून आलं याला?"

राजेने खुर्ची वळवली. "स्वकष्टाने मिळवलंय मी. आपल्या घराण्यात आधी कोणाला जमलं नव्हतं."

आईने इस्त्री बंद केली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. आईला सुटल्यासारखं वाटेल, असं ताईला वाटलं होतं. पण आई चिडली होती. आत्यावर, डॉक्टरांवर, आणि आणखी कोणावर ते तिलाही सांगता येत नव्हतं. दोन दिवस ती मोजकंच बोलली. तिसऱ्या दिवशी राजेला भरवता भरवता तिचा चमचा थांबला.

"मी मग एवढी वर्षं हे सगळं कशासाठी करत होते?"

राजेने घास गिळला. त्याला वेळ लागायचा. "मला वाटायचं, मी आवडतो म्हणून."

आईने चमचा ताटलीत ठेवला. तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. पदराने चेहरा पुसून ती म्हणाली, "आवडतोस की. मेल्या, आवडतोस."

"मग एक माणूस ठेव. तू उचलतेस तेव्हा तुझ्या गुडघ्यांचा आवाज येतो. मला भीती वाटते, एक दिवस आपण दोघं खाली पडू आणि ताईला बोलवायलाही कोणी उरणार नाही."

या वेळी आईने "माझ्याकडून आलंय ते, मीच करणार" हे वाक्य म्हटलं नाही. म्हणण्यासारखं ते आता राहिलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात एक धिप्पाड परिचारक कामाला आला. पहिला आठवडा आई दारात उभी राहून त्याच्या चुका काढत होती. राजे त्याच्याबरोबर क्रिकेटवर वाद घालायचा आणि कधी हार मानायचा नाही. मग आई उन्हाळ्यात मामाकडे राहायला गेली, एकटी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. निघताना तिने परिचारकाला सगळं तिसऱ्यांदा समजावून सांगितलं. राजेने तिला बसची वेळ सांगितली आणि खिडकीची जागा घे म्हणाला.

ताई कामावर होती. मावशीच्या त्या दमणाऱ्या पिल्लाला औषधाच्या गटात घेतलं होतं, आणि आज त्याचा पहिला डोस होता. तिने त्याच्या पायावरचे केस कापले, शीर शोधली, आणि सुई आत जाताना दुसऱ्या हाताने त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं.