मूठभर मका

बसच्या आगारात चौतीस वर्षं टायमकीपर म्हणून काढलेल्या माणसाला घरी बसवणं म्हणजे चालू इंजिन खुंटीला बांधण्यासारखं. निवृत्तीच्या पहिल्या महिन्यात त्याने घरातली तिन्ही घड्याळं एका ठोक्यावर आणली. दुसऱ्या महिन्यात दूध किती वाजता तापवायचं ते भिंतीवर लिहून ठेवलं. तिसऱ्या महिन्यात बायकोने मागच्या अंगणात सहा तलंगा आणून सोडल्या, अजून अंड्यावर न आलेल्या, कोवळ्या.

"घ्या," ती म्हणाली. "आता यांच्यावर डाफरा."

खाद्य अर्थातच व्याह्यांच्या दुकानातलं. एकुलती एक मुलगी त्याच घरात दिलेली, आणि दुकानाच्या गल्ल्यावरही तीच बसायची. व्याह्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पहिलं अंडं दिसलं की वाढीचं खाद्य आठवडाभरात कमी करत बंद करा, आणि अंड्याचं खाद्य चढवा. एकीला रोज एकशे दहा ग्रॅम. कवचाला लागणारा चुना त्यातच असतो. फक्त वरचे लाड नकोत. भलत्याच खाण्याने पोट भरलं, की ती खाद्याकडे ढुंकून बघत नाही."

टायमकीपरने सगळं वहीत उतरवून घेतलं आणि "लाड नकोत"खाली दोन रेघा ओढल्या.

एकोणिसाव्या आठवड्यात तलंगांचे तुरे लाल झाले, आणि एका सकाळी कोपऱ्यातल्या गवतात लिंबाएवढं अंडं सापडलं. आठवडाभरात खाद्य बदलून झालं. इथवर सगळं वेळेवर. मग गाडी घसरली. अंडी मऊ निघू लागली. कवच नाहीच, नुसतं पातळ कातडं, बोट लावलं की दबणारं. शिवाय सकाळी सहा दहाला तोलून ठेवलेलं सहाशे साठ ग्रॅम खाद्य संध्याकाळी तोलावं, तर साडेचारशेच्या वर शिल्लक. असं पाच दिवस. पाचही दिवसांचे आकडे वहीत. आणि आकडे खोटं बोलत नाहीत यावर टायमकीपरचा देवापेक्षा जास्त विश्वास.

सहाव्या दिवशी उरलेलं खाद्य पिशवीत घालून तो सकाळी दहाला दुकानात उभा राहिला. आठ गिऱ्हाइकं होती. ती त्याने दारातच मोजली होती.

"व्याहीबुवा, हा तुमचा माल," त्याने पिशवी तराजूवर आपटली. "माझ्या कोंबड्या याला तोंड लावत नाहीत. मुक्या जिवालाही कळतं, दाणा कुठला आणि भुसा कुठला."

"अहो, नव्या कोंबड्यांची सुरुवातीची अंडी मऊ निघतात कधीकधी..."

"आणि खाद्य उरतं ते?"

दोन गिऱ्हाइकांनी खांद्यावरची पोती हळूच खाली ठेवली. गल्ल्यावरची मुलगी सुटे पैसे मोजता मोजता थांबली, आणि मोजलेले पैसे पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

तीन दिवसांनी तिचा फोन आला.

"बाबा, मामंजी माझ्याशी बोलत नाहीत. रागावलेही नाहीत. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून गल्ल्यावर ठेवतात. काल जेवताना मीठसुद्धा स्वतः उठून घेतलं."

"अगं, पण आकडे..."

"आकडे खरे असतील तर मला सांगा, मी त्यांच्याशी भांडेन. घर माझं आहे आता ते, मला तिथे रोज राहायचंय. पण खरे नसतील, तर तुम्ही काय ते ठरवा."

त्या दिवशी टायमकीपरचा पाय घरात ठरेना. खुर्चीत टेकला की काटा टोचल्यासारखा उठायचा, मागच्या दारी जायचा, खुराड्याभोवती चक्कर मारायचा, परत यायचा. मुलीचं बोलणं कानातून निघत नव्हतं. चहा दोनदा निवला.

संध्याकाळी अंगणात गेला, तर कपड्यांच्या दोरीवर एकही कपडा नाही आणि चिमटे मात्र रांगेने लावलेले.

"हा काय प्रकार?"

"सतरा आहेत," दारातून बायको म्हणाली. "मोजा हवं तर."

"चिमटे वाळत घातलेस?"

"तुमच्या फेऱ्या आहेत त्या. तुम्ही अंगणात उतरलात की मी एक लावायची. चार दिवस बघतेय, खाद्य उरतं, पण एकही कोंबडी वाळत नाही. म्हटलं, हवा खाऊन जगतात की काय या! मग आज बसले डोळा ठेवून. दर फेरीला मक्याच्या डब्यात हात घालता ना?"

"अगं, मूठभर! त्या पायाशी येतात, बघत राहतात. रिकाम्या हाताने कसं..."

"हो ना, पाहुणेच ते! घाला मूठ तराजूवर."

त्याने घातली. पस्तीस ग्रॅम. सतरा गुणिले पस्तीस त्याने तोंडी केलं, मग वहीच्या मागच्या पानावर केलं. दोन्ही वेळा पाचशे पंच्याण्णव आलं.

"एवढा मका गिळल्यावर," बायको म्हणाली, "खाद्याला जागा कुठून आणायची त्यांनी? पोटाला काय रबर लावलंय? चुना सगळा तुमच्या त्या पिशवीत राहिला, आणि अंडं आलं नागडं."

त्याने वही चाळली. सहा दहाचं खाद्य होतं, सात वाजताचं पाणी होतं, साडेसहाचं उरलेलं होतं. मका कुठेच नव्हता. चौतीस वर्षं त्याने ठरलेल्या गाड्याच लिहिल्या होत्या. जे वेळापत्रकात नाही ते त्याच्या लेखी घडतच नसे, मग ते स्वतःच्या हाताने का होईना.

"मी फोन करतो व्याह्यांना," तो म्हणाला.

"बोललात कुठे उभं राहून?"

"दुकानात."

"माणसं किती?"

"आठ."

"मग फोनमध्ये मावतील का आठ माणसं?"

दुसऱ्या दिवशी तो दहाला दुकानात पोचला. पावणेदहालाच आला होता, पण कोपऱ्यावर चकरा मारत होता, कारण तेव्हा आत तीनच गिऱ्हाइकं होती. नऊ गिऱ्हाइकं झाल्यावर आत शिरला. एक जास्त झालं, पण आता मागे फिरणं बरं दिसलं नसतं.

आत मका भरडायचं यंत्र धडधडत होतं. व्याही पोत्याचं तोंड शिवत होते, त्यांनी मान वर केली नाही. टायमकीपरने घसा साफ केला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. माल चोख होता, चूक माझी होती, कोंबड्यांना दिवसभर मका चारत होतो, आणि बोल मात्र तुम्हाला लावला. बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. मग लक्षात आलं की यंत्राच्या आवाजात कोणालाही काहीही ऐकू गेलेलं नाही. एक गिऱ्हाईक तर त्याला पुढे सरकायला खुणावत होतं.

चला, बोललो तर खरं, असं म्हणून निघावं असा मोह त्याला झाला. नाही असं नाही.

तेवढ्यात गल्ल्यावरून मुलगी उठली. भिंतीपाशी गेली आणि तिने यंत्राचं बटण खाली ओढलं. पट्टा दोन फेरे घेऊन थांबला. दुकानात पीठ खाली बसण्याएवढी शांतता झाली.

"बाबा," ती म्हणाली, "पुन्हा बोला."

तो पुन्हा बोलला. या वेळी एका दमात जमलं नाही. "दिवसाला सतरा मुठी" म्हटल्यावर मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, तरी तो थांबला नाही. शेवटच्या वाक्याला आवाज फाटला, म्हणून ते वाक्य त्याने परत म्हटलं, "खोट माझ्या हातात होती, तुमच्या मालात नव्हती."

व्याह्यांनी दोऱ्याला गाठ मारली. दाताने दोरा तोडला. सुई पोत्यात खोचून ठेवली. टायमकीपरला वाटलं, आगारातली एखादी गाडी इतकी थांबली असती तर आपण खुलासा मागितला असता. त्याचा उजवा पाय आपोआप हलत होता.

शेवटी व्याह्यांनी मान वर केली, पण त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "यंत्र चालू कर, लोक खोळंबलेत. आणि तुझ्या वडिलांना ते स्टूल दे. उभं राहून लोकांच्या वाटेत येतायत."

मुलीने स्टूल आणून ठेवलं. तिचे डोळे भरले होते, पण ते तिने मक्याच्या धुळीवर ढकललं. यंत्र पुन्हा धडधडू लागलं, आणि टायमकीपर बसला. उठायला सांगेपर्यंत बसायचं, असं त्याने ठरवलं, आणि हलणाऱ्या गुडघ्यावर दोन्ही हात दाबून धरले.