सैतानाची आई

सिनेमात सैतान एका न्हाव्याकडे आत्म्याचा सौदा करायला येतो आणि न्हावी त्याला असा गुंडाळतो, की शेवटी सैतानच दुकानात केस झाडत बसतो. लोक हसून हसून बेजार झाले. सैतानाचं काम करणारा नट आईला घेऊन गुपचूप मागच्या रांगेत बसला होता. सैतान फसला की आईच्या कपाळावर आठी चढायची.

सिनेमा सुटल्यावर प्रेक्षकांची मतं ऐकायला तो टोपी डोळ्यांवर ओढून जिन्यापाशी रेंगाळला. आईही थांबली.

"न्हाव्याने काय जिरवली सैतानाची," एक चष्मेवाली बाई नवऱ्याला म्हणाली.

"जिरवली कसली?" आई मध्येच बोलली. "सैतान दिल्या शब्दाला जागला. लबाड तो न्हावी."

"अहो काकू, तो आत्मा न्यायला आला होता."

"विचारूनच नेत होता ना? उचलून तर नेला नाही."

बाईच्या नवऱ्याला हे पटलं. त्याला पटलेलं बाईला पटलं नाही. "तुम्ही सैतानाची एवढी बाजू का घेताय?" तिने विचारलं.

"माझा मुलगा आहे तो," म्हणत आईने नटाला दंडाला धरून पुढे ओढलं.

बाई आधी दचकली, मग हसून म्हणाली, "तुम्ही हरलात मात्र झकास."

नट खूश झाला. घरी जाताना त्याने विचारलं, "आई, तू एकदाही हसली नाहीस?"

"हसले की," आई म्हणाली. "तू पडद्यावर नसायचास तेव्हा."