मशिदीचं तोंड कुणीकडे

पारामारिबोच्या आमच्या सरकारी शाळेत ‘आशियाई संस्कृती’ हा विषय लांडफेल्ड मास्तर शिकवतात. क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या घराण्यातला सरळमार्गी माणूस. शर्टाची इस्त्री आणि पुस्तकातलं वाक्य, दोन्ही मोडू देत नाही. वर्गात जावानीज, हिंदुस्तानी, चिनी, पळून जंगलात गेलेल्या गुलामांच्या वंशातली ‘मरून’ अशी एकतीस पोरं. म्हणजे निम्मी संस्कृती बाकांवर बसलेली, आणि मास्तर तिलाच ती वाचून दाखवणार! मी शेजारच्या वर्गात गणित घेते. भिंत पातळ, त्यामुळे विषय माझाही पक्का झालाय.

वार्षिक परीक्षेत अर्ध्या गुणाचा प्रश्न होता: जावानीज मशिदीचं तोंड कोणत्या दिशेला? रोसिता पावीरोमेजोनं लिहिलं, पश्चिमेला. मास्तरांनी फुली मारली. बेरीज दहापैकी पाच. पास व्हायला साडेपाच लागतात. नाही तर वर्ष वाया.

दुसऱ्या दिवशी पोरगी आजोबांनाच घेऊन शिक्षकखोलीत हजर. त्यांच्या डोक्यावर जुम्म्याची काळी टोपी.

“मास्तर, मी रोज पश्चिमेलाच तोंड करून नमाज पढतो.”

“पण आजोबा, मक्का इथून पूर्वेला. पुस्तकात छापलंय.”

“जावात ती पश्चिमेला होती. माझा बाप तिथून अर्धी पृथ्वी ओलांडून इथल्या मळ्यावर मजुरीला आला, तो दिशा सोबत घेऊनच बोटीतून उतरला. आणि पृथ्वी गोल आहे असं तुम्हीच शिकवता ना? मग तिकडूनही पोचतोच की नमाज. जरा लांब पडतं, एवढंच.”

हसू दिसू नये म्हणून मी वह्यांत तोंड खुपसलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. “बरं, पश्चिम बरोबर धरतो. पण एका प्रश्नाला उत्तर एकच. पूर्व लिहिणाऱ्यांचा अर्धा गुण कापावा लागेल.” लाल पेन निघालं. गठ्ठ्यात सगळ्यात वर निकेन अमातसारीचा पेपर.

“थांबा!” आजोबा म्हणाले. “निकेनचे आजोबा माझे शेजारी. त्यांच्या मशिदीचं तोंड पूर्वेला. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांकडे पाठ करून नमाज पढतो आणि सणाला एका पंगतीत जेवतो. तिचं कापू नका. त्यापेक्षा माझ्या नातीचं चुकलेलंच राहू द्या.”

“म्बाह!” रोसिता आजोबांवर ओरडली. “मला पास करायला आलात की नापास करायला?”

“गप गं. शेजार मोडून पास होणार?”

मला राहवेना. “मास्तर, गणितात एकेका उदाहरणाला दोन-दोन उत्तरं येतात. मी दोन्हींना गुण देते. अजून छप्पर पडलेलं नाही.”

“तुमचं गणित वेगळं, बाई.”

“हो, आमच्यात पुरावा लागतो. तो हा समोर टोपी घालून बसलाय.”

मास्तरांनी आपल्या नमुना उत्तरात ‘पूर्व’च्या पुढे ‘किंवा पश्चिम’ असं घोटीव अक्षरात लिहिलं आणि एकतीसच्या एकतीस पेपर पुन्हा तपासायला घेतले. रोसिताचे साडेपाच झाले. अल्फोन्स पिनास या कार्ट्यानं ‘पंख्याकडे’ असं लिहिलं होतं. मास्तर त्याचा पेपर घेऊन उठले आणि वर्गातला पंखा कुठल्या भिंतीवर आहे ते बघायला गेले.