पहिल्या फेरीतली जागा

सिंधुबाईंनी मूठ वळली, बोटीच्या पांढऱ्या कुशीवर तीनदा ठोकलं आणि कान जवळ नेला. लाकडी नावेवर ठोकलं की आतून भरीव उत्तर यायचं. हे फायबरचं अंग कोरडं वाजलं, रिकाम्या टाकीसारखं. तरी चार पावलं पुढं सरकून त्यांनी पुन्हा ठोकलं.

“आई, हात लावू नकोस. खाज सुटेल अंगाला,” अमोल मागून म्हणाला.

“तुझ्या वडिलांचे कपडे कुणी धुतले चाळीस वर्षं? मला नको सांगूस खाजेचं.”

शेडच्या कोपऱ्यात रेझिनचा डबा ढवळत बसलेला झुंबर मिस्त्री गालातल्या गालात हसला. सिन्नरच्या वसाहतीतल्या या शेडमध्ये तो अमोलच्या वडिलांच्या, धोंडीरामांच्या वेळेपासून होता. धोंडीराम जाऊन सहा वर्षं झाली. कारखाना सिंधुबाईंच्या नावावर झाला, काम अमोल बघू लागला, मात्र झुंबर अजून कुठलाही नवा साचा उघडायचा झाला की आधी नाशिकला फोन करून “आक्का, उघडू ना?” असं विचारायचा.

सकाळी चहाच्या कपाशेजारी अमोलनं एक कागद ठेवला होता आणि खिशातून शाईचं पॅड काढलं होतं. गेल्या वर्षापासून सिंधुबाईंचा हात थरथरायचा. सही एकसारखी येत नाही म्हणून बँकेनं सुद्धा अंगठा घ्यायला सुरुवात केली होती. त्यांनी पॅडकडे बराच वेळ पाहिलं.

“काय आहे यात?”

“बोटींचं आहे. परदेशात बांधलेल्या छोट्या प्रवासी बोटी आपल्या किनाऱ्यावर चालवायला सरकार परवानगी देणार आहे. एका कंपनीनं तशी पन्नास माणसांची बोट आणायची परवानगी मागितलीय. पण त्याआधी इथल्या बांधणाऱ्यांना विचारतात, तुमच्याकडे तशी बोट आहे का? असेल तर बाहेरच्या बोटीला परवानगी नाही. आपण म्हणायचं, आहे.”

“आहे का?”

“बांधतोय ना.”

“मग बघते आधी. बघितल्याशिवाय मी अंगठा लावायची नाही.”

असं म्हणून त्या गाडीत बसून इथवर आल्या होत्या.

आता त्या बोटीला वळसा घालून पलीकडे गेल्या. पलीकडची बाजू नव्हतीच. म्हणजे साचा होता, साच्यावर पहिला लेप होता. पण वरचं डेक, बाकडी, छप्पर, यंत्राची जागा, काही नाही. नाकाकडचा भाग जुन्या चोवीस माणसांच्या बोटीचा होता, तो सिंधुबाईंनी लगेच ओळखला. धरणावर चालणाऱ्या बोटींसाठी धोंडीरामांनी स्वतः तो साचा घडवला होता. मधे नवा तुकडा घालून अमोलनं तिची लांबी वाढवली होती.

“झुंबर, ही पाण्यात कधी उतरंल?”

झुंबरनं ढवळणं थांबवलं नाही. “मालक म्हनतेत ऑगस्टात.”

“मालकांना मी विचारलं असतं. तुला विचारते.”

झुंबरनं अमोलकडं पाहिलं, मग डब्याकडं. “पावसाळी हवेत लेप धरत नाय, आक्का. घाई केली त आतून ओला ऱ्हातो. वरून दिसत नाय. धरणाच्या पान्यावर चालून जाईन एखाद टायमाला. पन समुद्र हाय तो.” थोडं थांबून तो म्हणाला, “होळी तरी येईन.”

अमोल एकदम म्हणाला, “झुंबरकाका, तुम्ही जरा चहा घेऊन या बाहेरून.”

“मी चहा सोडला, मालक. साखर हाय मला.” आणि तो बसूनच राहिला.

अमोलनं आईला शेडच्या टोकाच्या ऑफिसात नेलं. तिथं चैताली नावाची मुलगी कॉम्प्युटरवर बसलेली होती. तिनं उठून सिंधुबाईंना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडं वळवला.

“हे बघ आई,” अमोल टेबलाला टेकून उभा राहिला. “होळी म्हण, दिवाळी म्हण. आज ‘आहे’ म्हटलं की त्यांची परवानगी अडते. तेवढाच वेळ आपल्याला मिळतो. ते येतील बघायला, तेव्हा बघू. पण एकदा बाहेरची बोट आली ना, की आपल्याला कोण विचारणार? पस्तीस माणसं आहेत बाहेर. झुंबरकाकांची सून आहे, फुलाबाईंचा कुंदन आहे. धरणावरच्या पायडलच्या बोटी बांधून यांची घरं नाही चालत. हे एवढं एकच दार उघडलंय आपल्याला समुद्राचं.”

त्याचा आवाज चढला नव्हता. उलट शेवटी तो खाली आला होता. सिंधुबाईंना वाटलं, हा खोटं बोलणारा मुलगा नाही. हा घाबरलाय.

पण त्यांचं मन त्याच्या एका वाक्यापाशी थांबलं होतं. एकदा बाहेरची बोट आली की आपल्याला कोण विचारणार. हे वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलं होतं. जसंच्या तसं. फक्त बोटीच्या जागी लाँच होती आणि बोलणारे त्यांचे वडील होते.

“बोट कुठं चालणार आहे ती?” त्यांनी विचारलं.

“कोकणात. खाडीच्या पलीकडची पाच-सहा गावं आहेत. रस्त्यानं गेलं तर तीन तास लागतात.”

“आता कसे जातात?”

“जुनी लाँच होती एक. गेल्या वर्षी बंद पडली.”

“मग आता कसे जातात?”

अमोलनं खिशातलं शाईचं पॅड काढून टेबलावर ठेवलं.

नाशिकात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की सिंधुबाई मूळच्या खाडीकाठच्या, सुताराची लेक. आई लहानपणीच गेली. धरण भरू लागलं तेव्हा पलीकडच्या गावांसाठी नावा बांधायला वडील इकडं आले आणि अकरा वर्षांची सिंधू त्यांच्यामागून. त्यांच्या हाताखाली सिन्नरचा धोंडीराम काम शिकला आणि पुढं जावई झाला. आई कशी गेली असं कुणी विचारलं, तर सिंधुबाई सांगायच्या, “बाळंतपणात. पलीकडे न्यायला बोट नव्हती.” धोंडीरामांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. पंचेचाळीस वर्षांचा संसार झाला, त्यात दुसरं काही सांगितलं नाही.

“चैताली,” त्या म्हणाल्या, “बाळ, तू जरा झुंबरपाशी बसतेस? त्याला एकटं बरं वाटत नसेल.”

मुलगी गेली. पंखा फिरत राहिला.

“आमच्या गावाला एक लोखंडी लाँच येणार होती,” सिंधुबाई म्हणाल्या. “विलायती बांधणीची. मालक मुंबईचा होता. ती येऊन पलीकडच्या धक्क्याला लागली सुद्धा. आम्ही पोरं काठावर उभं राहून बघायचो. उन्हात तिची पितळी घंटा चमकायची. फक्त परवानगी यायची होती.”

“तू म्हणालीस बोट नव्हती.”

“हो. म्हणाले.”

त्यांनी पदर सारखा केला.

“बाबांनी तेव्हा लाकडाची मोठी नाव बांधायला घेतली होती. गावची नाव. त्यांना वाटलं, लाँच सुरू झाली की आपली नाव कुणाला लागणार? त्यांनी अर्ज लिहून घेतला गुरुजींकडून. गावाची स्वतःची नाव तयार आहे, मृगाच्या आत पाण्यात उतरेल, बाहेरच्या लाँचीची गरज नाही. मग घरोघर जाऊन अंगठे घेतले. शाईची डबी माझ्या हातात होती. मला फार मोठं काम मिळाल्यासारखं वाटत होतं, अमोल. मी लोकांचा अंगठा धरून सांगायची, असा दाबा, असा उचला.”

“आणि नाव?”

“लाकूड ओलं आलं होतं. ओल्या लाकडाच्या फळ्या जोडल्या की सुकल्यावर फटी पडतात. बाबांना ठाऊक होतं. त्यांच्याएवढं ते कुणाला ठाऊक असणार? मृग लागला तेव्हा नाव छपराखालीच. फटी भरायच्या राहिलेल्या. अर्ज तोवर पोचला होता, लाँच परत गेली होती. श्रावणात आईला कळा लागल्या. दोन दिवस. खाडीला एवढं पाणी होतं की लहान होडी कुणी घालेना. बाबा त्या छपराखाली बसून रात्रंदिवस फटीत तेलाचा कापूस भरत होते. हातात वाकस, सुताराचं हत्यार, आणि ठोकत होते. घरापर्यंत तो ठोका ऐकू यायचा. आईनं मला एकदा विचारलं, झाली का गं? मी म्हटलं, होतेय.”

बाहेर शेडमध्ये कुणीतरी घासायचं यंत्र सुरू केलं आणि लगेच बंद केलं. झुंबरनं बंद करवलं असणार.

“आमच्याकडं रीत होती,” सिंधुबाई पुढं म्हणाल्या. “नवी नाव पाण्यात उतरली की पहिल्या फेरीत बांधणाऱ्यानं बसायचं, घरच्या सगळ्यांना घेऊन. पुढच्या फळीवर. म्हणजे लोकांना भरवसा येतो. दसऱ्याला आमची नाव उतरली. पुढच्या फळीवर बाबा आणि मी. मधे आईची जागा. नाव खच्चून भरली होती, माणसं उभी होती, पण त्या जागेवर कुणी बसलं नाही. बाबा पाण्याकडं बघत होते. तेव्हापासून त्यांनी किती नावा बांधल्या इथं धरणावर, पण पहिल्या फेरीत ते कधी बसले नाहीत. तुझे वडील बसायचे. त्यांना वाटायचं, सासऱ्यांना आईची आठवण येते.”

अमोल खुर्चीवर बसला होता. कधी बसला ते त्याला कळलं नसावं. त्यानं टेबलावरचं शाईचं पॅड उगाच थोडं बाजूला सारलं.

“तू लहान होतीस, आई.”

“दहा वर्षांची.” सिंधुबाई त्या पॅडकडं बघत होत्या. “शेवटचा अंगठा आईचा घेतला मी. ती भाकरी थापत होती, हात पिठाचे. म्हणाली, माझा कशाला? मी म्हटलं, सगळ्यांचा पाहिजे. मग निळा झालेला अंगठा बघून हसली. दोन दिवस राखेनं घासत होती.”

अमोल उठला, दारापर्यंत गेला आणि तिथूनच शेडकडं बघत म्हणाला, “हे पत्र बदललं, तर पुढच्या वर्षी ही शेड राहील की नाही, मी सांगू शकत नाही.”

“माहीत आहे मला.”

“त्या पस्तीस जणांना मी काय सांगू?”

“ते मला ठाऊक नाही रे. ठाऊक असतं तर सांगितलं असतं.”

त्यानं दारातूनच चैतालीला हाक मारली.

“ते मुंबईला जायचं पत्र उघड. पहिला परिच्छेद काढून टाक.” तो थांबला. चैतालीची बोटं कीबोर्डवर तयार होती. “लिही. आपण विचारलेली पन्नास आसनी बोट आमच्याकडे आज तयार नाही. पुढील मार्चपूर्वी ती सुरक्षितपणे देता येणार नाही. सबब परवानगीला आमची हरकत नाही.”

“हरकत नाही?” चैतालीनं वळून विचारलं. काल तिनंच उलटं टाइप केलं होतं.

“हो. आणि खाली लिही, मार्चनंतर बघायला यावे, ही विनंती.”

प्रिंटरमधून कागद गरम बाहेर आला. अमोलनं तो आईला वाचून दाखवला, एकेक शब्द, सावकाश. मग पॅड उघडून धरलं. सिंधुबाईंनी अंगठा टेकवला, कागदावर दाबला, उचलला. असा दाबा, असा उचला. अमोल रुमाल पुढं करत होता, तोवर त्यांनी मूठ मिटली होती.

“झुंबर,” त्यांनी बाहेर येऊन हाक मारली, “मला आत बसायचंय.”

“कशात, आक्का?”

“बोटीत.”

“आवो, आत काय बी नाय अजून. बूड हाय निस्तं.”

“फळी टाक एक.”

काम थांबलं होतं. पस्तीस माणसं बघत होती. पत्राचं त्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. झुंबरनं साच्याला स्टूल लावलं, आत पुढच्या बाजूला एक फळी आडवी टाकली, ती हलत तर नाही ना हे गुडघ्यानं दाबून पाहिलं आणि त्यांना पेलेल असा हात पुढं केला. चैतालीनं मागून आधार दिला. सिंधुबाई एकेक पाय उचलत आत उतरल्या आणि फळीवर बसल्या. अगदी कडेला.

“मधी बसा ना, आक्का. कडंला कशाला बसलात?”

“राहू दे.”

“अन् कामाचं काय?” झुंबरनं आवाज खाली आणून विचारलं. “हिचं थांबवायचं का चालू ठेवायचं?”

सिंधुबाईंनी अमोलकडं पाहिलं. तो साच्यापाशी येऊन उभा होता. त्यानं बोटीच्या कडेवर हात ठेवला, खाज सुटणार हे माहीत असून काढला नाही.

“चालू ठेवा, काका,” तो म्हणाला. “सावकाश. पहिला लेप पूर्ण सुकू द्या.”

मग तो स्टुलावर चढला, आत आला आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे हातभर जागा राहिली. झुंबरला वाटलं, मायलेकांचं काही बिनसलंय. तो आपला डबा उचलून निमूटपणे साच्याच्या पलीकडं गेला.